वह्या जूनच्या आत पोचवायच्या तर : शाळेला साहित्य देऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या पहिल्या वर्षीची खरेदी आठवली की अजून ओशाळायला होतं. मे महिन्याच्या शेवटी आठ जणांनी पैसे काढले, पुण्याच्या बोहरी आळीतून २०० पानी एकरेघी वह्यांचे गठ्ठे उचलले आणि शाळा उघडून बारा दिवस झाल्यावर, भर पावसात, मुळशीच्या आतल्या अंगाच्या एका वाडीवर नेऊन दिले. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंतची, पट १९. त्यातली ११ मुलं पहिली-दुसरीतली. बाईंनी वह्या घेतल्या, चहा पाजला, सगळ्यांचे आभार मानले. आम्ही गाडीत बसताना हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आधी एक फोन कराल का?"

फोन का करायचा ते नंतर कळलं. पहिली-दुसरीच्या मुलांना लागते दुरेघी वही, गणिताला चौकटीची आणि इंग्रजीला चाररेघी. एकरेघी २०० पानी वही त्या हातात विटेसारखी दिसते. शिवाय तोवर बाईंनी स्वतःच्या पैशांनी तालुक्याच्या दुकानातून दुरेघी वह्या आणून वाटल्या होत्या. आमच्या वह्या वाया गेल्या नाहीत, तिसरी-चौथीच्या मुलांनी दोन वर्षं वापरल्या. पण ज्यांच्यासाठी नेल्या त्यांच्या काही उपयोगी पडल्या नाहीत.

त्यानंतर सात जून गेले. या कामात नव्यानं पडणाऱ्या मित्रमंडळींना, सोसायट्यांना, ऑफिसातल्या गटांना मी जे सांगतो ते इथे एकत्र लिहितो आहे. हे मुख्यतः ग्रामीण महाराष्ट्रातल्या छोट्या सरकारी शाळांबद्दल आहे, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे.

आधी हे बघा की सरकार काय देतं

बरेच जण उत्साहानं पाठ्यपुस्तकंच विकत घेऊन येतात. गरज नसते. पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात आणि साधारणपणे शाळेच्या पहिल्याच दिवशी हातात पडतात. दुपारचं जेवणही आठवीपर्यंत शाळेत असतं. गणवेशाचे दोन जोड सरकारी योजनेतून येतात. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचे निकष आधी मुली, अनुसूचित जाती-जमातीची आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं एवढ्यांपुरते होते. २०२३-२४ पासून राज्यानं उरलेल्या मुलांनाही त्यात घेतलं, आणि बूट-मोजेही जोडले. मधे एक वर्ष कापड कापून बचत गटांकडून शिवून घ्यायचा प्रयोग झाला. आता ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. एका गणवेशामागे ३०० रुपये धरलेले असतात. तेवढ्यात शर्ट-पँट शिवून देणारा शिंपी तुम्हाला माहीत असेल तर शाळेला जरूर सांगा.

वह्यांची गोष्ट वेगळी. २०२३-२४ पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकातच कोरी पानं बांधून येत होती, म्हणजे वह्यांचा खर्च कमी व्हावा. मुलं वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. त्यामुळे वही हा खर्च सरळ आईबापाच्या खिशातला आहे. पेन्सिल, खोडरबर, कंपासपेटी, दप्तर, रेनकोटही त्यांच्याच खिशातले. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त जातींतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. १९९२ पासून हा आकडा एक रुपयाच आहे. त्यात आज काय येतं ते कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन बघा.

मुंबईत मदत करायची असेल तर चित्र बदलतं. तिथली महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना २७ शालेय वस्तू देते, दप्तरापासून छत्री-रेनकोटापर्यंत. म्हणून तिथे आधी शाळेत जाऊन विचारावं की यंदा त्यातलं काय आलंय, काय नाही.

आणि एक जागा अशी आहे की जिकडे देणाऱ्यांचं लक्ष जातच नाही. नववी-दहावी. आठवी संपली की मोफत पुस्तकं थांबतात, गणवेश थांबतो, जेवण थांबतं, आणि खर्च नेमका तेव्हाच वाढतो : विकतची पुस्तकं, प्रयोगवही, आलेखवही, नकाशावही, परीक्षेची फी, एसटीचा पास किंवा सायकल. गोड दिसणाऱ्या पहिलीच्या पोरांना दप्तर द्यायला दहा गट येतात, मिसरूड फुटलेल्या नववीच्या मुलाला पुस्तकांचा संच द्यायला कोणी येत नाही. शाळा सोडून मजुरीला जायचं वय तेच. तुमच्याकडे पैसे थोडे असतील तर माझं मत विचाराल तर ते इथे घाला.

शाळा कशी निवडायची

पर्यटनाच्या वाटेवरच्या, हमरस्त्याला लागून असलेल्या शाळा सोडा. तिथे दर जूनला चार गट येतात, चारही गट दप्तरं देतात. एका शाळेत मला मुलांनी सांगितलं होतं की यंदाचं तिसरं दप्तर आहे. रस्ता सोडून तीन किलोमीटर आत, ओढ्यापलीकडे जी शाळा असते तिथे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही.

ती शाळा शोधायचा सोपा मार्ग म्हणजे केंद्रप्रमुख. साधारण दहाबारा शाळांचं एक केंद्र असतं आणि त्या केंद्रातल्या प्रत्येक शाळेची खडान्‌खडा माहिती या माणसाला असते. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, गेलात की नंबर मिळतो. त्यांना "गरजू शाळा सांगा" असं विचारू नका, सगळ्याच गरजू असतात. "गेल्या तीन वर्षांत जिथे बाहेरून काहीच आलेलं नाही अशी शाळा सांगा" असं विचारा.

दुसरी वाट विद्यांजली या केंद्र सरकारच्या पोर्टलची. सप्टेंबर २०२१ पासून त्यावर शाळा स्वतःच्या गरजा टाकू शकतात आणि आपण त्या बघून मदत देऊ करू शकतो. प्रत्येक शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, त्यावरून पट, शिक्षकसंख्या अशी माहितीही बघता येते. पोर्टलवर न दिसणाऱ्या शाळा पुष्कळ असतात हे मात्र लक्षात ठेवा. ज्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे पोर्टलवर माहिती भरायला वेळ कोणाला आहे?

पहिल्या वर्षी एकच शाळा घ्या. पट १५ ते ६० च्या दरम्यान असलेली, एका दिवसात जाऊन परत येता येईल अशी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे तुम्हाला दोनच माणसांशी बोलायचं आहे.

१ मेच्या आत यादी घ्या

प्राथमिक शाळांचा निकाल पूर्वापार १ मेला, झेंडावंदन झाल्यावर लागतो. त्या सकाळी गुरुजी असतात, बाई असतात, पालक असतात, सरपंचही असतात. भेटायला याहून चांगला दिवस नाही. त्यानंतर शाळेला कुलूप, शिक्षक आपापल्या गावी, नाहीतर प्रशिक्षणाला किंवा सरकारनं दिलेल्या आणखी कुठल्या कामाला. शाळा पुन्हा उघडते जूनच्या मध्याला, विदर्भात उन्हामुळे त्याहून साधारण आठवडाभर उशिरा.

मुख्याध्यापकांबरोबरच शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचाही नंबर घ्या. ही समिती कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत असते, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्षांचा नंबर का, तर मे महिना बदल्यांचा असतो. तिसऱ्या वर्षी ज्या गुरुजींशी आमचं सगळं ठरलं होतं त्यांची मेमध्ये बदली झाली. जूनमध्ये साहित्य घेऊन पोचलो तर नवे गुरुजी आदल्या दिवशीच हजर झालेले, त्यांना आमचा पत्ता नाही, आम्हाला त्यांचा नाही. अध्यक्ष असलेल्या मावशी शेतातून धावत आल्या म्हणून निभावलं.

यादी घेताना "काय हवं?" असा प्रश्न विचारलात तर उत्तर येतं, "तुम्ही जे द्याल ते चालेल." हे संकोचाचं उत्तर आहे, त्यावर खरेदी करू नये. मी तीन प्रश्न विचारतो. इयत्तावार पट किती, मुलं आणि मुली वेगळ्या? प्रत्येक इयत्तेला कोणत्या विषयाला कोणती वही चालते? आणि गुरुजी, गेल्या वर्षभरात तुमच्या खिशातून कशाकशावर पैसे गेले?

तिसरा प्रश्न विचारला की समोरचा माणूस आधी हसतो, मग बोलायला लागतो. चाचणीच्या झेरॉक्स. प्रिंटरची शाई. कार्डशीट, स्केचपेन, लॅमिनेशन. २६ जानेवारीचा खाऊ. मोबाईलचं रिचार्ज, कारण वर्गात व्हिडिओ दाखवायचा तर इंटरनेट त्यांच्याच फोनवरचं. शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान असतं, ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पर्यंत २५,०००. पण त्यातच स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, रजिस्टरं, खडू, विजेचं बिल. झेरॉक्सला त्यातून काय उरणार?

कपाटाचं गणित

इथे जरा थांबतो, कारण सात वर्षांत मी शिकलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

चौथ्या वर्षी आम्ही ऑगस्टमध्ये एकदा सहज शाळेत गेलो होतो. दुसरीतली एक मुलगी लिहीत होती. पेन्सिलीचा तुकडा नखाएवढा उरला होता, तो तिनं पेनच्या टोपणात खोचून लांबवला होता आणि टोपण चिमटीत धरून अक्षर काढत होती. जूनमध्ये आम्ही तिला दोन पेन्सिली दिल्या होत्या. एक हरवली, दुसरी ही. घरी सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर हरवली म्हणून आधी मार.

पहिली-दुसरीतलं मूल महिन्याला दोन-तीन पेन्सिली संपवतं. संपवतं म्हणजे लिहून थोड्या, टोक करून जास्त आणि बाकावरच्या फटीत घालून उरलेल्या. जूनमध्ये प्रत्येकाच्या हातात रंगीत संच दिला की फोटो चांगला येतो, पण ऑगस्टपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून आम्ही आता निम्मंच साहित्य मुलांच्या हातात देतो. उरलेलं निम्मं शाळेच्या लोखंडी कपाटात, बाईंच्या ताब्यात. पेन्सिली, खोडरबर, टोक करायची शार्पनरं, दुरेघी वह्या, पट्ट्या. कोणाची पेन्सिल हरवली तर बाई गपचूप एक काढून देतात. कोणाला विचारायचं नाही, वर्गापुढे हात पसरायचा नाही, घरी मार नाही. वह्या किती लवकर भरतात तेही बाईंना दिसतं. चौकटीची वही दिवाळीतच संपते, चित्रकलेची वर्षभर तशीच राहते.

त्याच कपाटात शिक्षकांसाठी एक वेगळा खण ठेवतो. कागदाची दोन रीम, कार्डशीट, जाड स्केचपेन, बिनधुळीचे खडू, स्टेपलर आणि पिना, डिंक, कात्री, रंगीत मणी, मोठी दोरी. मणी आणि दोरी कशाला ते पहिलीच्या बाईंना विचारा, त्या दशक-एकक शिकवायला माळा करतात. आमच्या शाळेत बाईंनी आइस्क्रीमच्या काड्या मागितल्या होत्या. काड्या मिळाल्या २०० ला शंभर रुपयांच्या आत, आणि वर्षभर त्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधणं चालू होतं. त्या वर्षीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वापरली गेलेली वस्तू तीच.

इयत्तेप्रमाणे काय लागतं

शाळेची यादी हीच खरी, पण ढोबळ अंदाज असावा म्हणून सांगतो.

पहिली-दुसरीला दुरेघी वह्या ३, चौकटीच्या २, चाररेघी १, सगळ्या १०० पानी. पाटी अजून वापरात आहे आणि असावी, पाटीवर चुकलं की पुसता येतं, पान फाटत नाही. मेणखडू चालतात. सुगंधी, फळाच्या आकाराचे खोडरबर घेऊ नका. एका मुलानं स्ट्रॉबेरी म्हणून तोंडात टाकला होता. कंपासपेटीही नको, तिच्यातल्या कर्कटकाचं या वयात एकच काम असतं, शेजाऱ्याला टोचणं.

तिसरी ते पाचवीला एकरेघी वह्या ५-६, गणिताला चौकटीच्या २, इंग्रजीला चाररेघी १. पेन कधी सुरू करतात ते शाळेला विचारा, प्रत्येक गुरुजींचं मत वेगळं असतं आणि ते त्यावर भांडायला तयार असतात.

सहावी ते आठवीला २०० पानी ६, कंपासपेटी, निळी-काळी पेनं. नववी-दहावीला मोठ्या आकाराच्या फुलस्केप वह्या आणि वर सांगितलेली पुस्तकं, प्रयोगवही वगैरे. पुस्तकांचे जुने संच चालतात, पण त्याच अभ्यासक्रमाचे आहेत ना ते आवृत्ती बघून पक्कं करा. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ मध्ये बदलली, पुढच्या इयत्तांचीही बदलत जाणार, त्यामुळे माळ्यावरचे गठ्ठे न बघता उचलू नका.

दप्तर द्यायचं असेल तर शिवण आणि चेन बघा, कार्टूनचं चित्र बघू नका. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जड नसावं असा सरकारी दंडक आहे. २० किलोच्या मुलाला २ किलो. मोठं दप्तर दिलंत की ते भरलं जातं.

आणि पाऊस. घाटमाथ्यावर, कोकणात वही देऊन रेनकोट दिला नाही तर वहीचा लगदा होतो. पोतं दुमडून केलेली खोळ डोक्यावर घेऊन मुलं येतात, स्वतः भिजतात पण दप्तर पोटाशी धरतात. रेनकोट दप्तरावरून घालता येईल असा, मापाहून एक नंबर मोठा घ्या. छत्री बांधावरच्या वाऱ्यात टिकत नाही. पादत्राणं द्यायची झाली तर वयावरून माप धरू नका. आमच्या बाईंनी रद्दीच्या वर्तमानपत्रावर प्रत्येक मुलाचं पाऊल पेन्सिलीनं गिरवून, नाव लिहून, कापून पाठवलं होतं. त्या कागदी पावलांचा गठ्ठा घेऊन दुकानात गेलो. ४१ पैकी एकही जोड परत आला नाही.

पैसे

रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं उभी राहिली त्यात घरोघरच्या मूठमूठ धान्याचा, मुष्टिफंडाचा वाटा होता. तेच तत्त्व ठेवा. एका श्रीमंत मित्राकडून सगळे घेण्यापेक्षा तीस जणांकडून थोडे थोडे घेतले तर पुढच्या वर्षीही मिळतात. आम्हाला गेल्या जूनमध्ये प्राथमिकच्या एका मुलामागे, दप्तर-रेनकोट सोडून, साडेतीनशेच्या आसपास खर्च आला. तुमचा आकडा गाव आणि दुकान बघून बदलेल.

गोळा केलेले पैसे स्वतःच्या पगाराच्या खात्यात घेऊ नका. वेगळं बचत खातं ठेवा, जमा-खर्चाचा तक्ता आणि बिलांचे फोटो गटावर टाका, कोणी मागायच्या आधी. कोणाला देणगीवर आयकराच्या ८०जी कलमाची सवलत हवी असेल तर ती तुमच्या मित्रमंडळाला देता येत नाही. तशी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत काम करावं लागतं, आणि तिच्याकडून १०बीई हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २,००० रुपयांवरची रोख देणगी, तसंच वस्तूंच्या रूपात दिलेली देणगी, यांना सवलत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच नाही.

परदेशातले भाऊ-बहीण, तिकडच्या मराठी मंडळातले मित्र पैसे पाठवू म्हणतील. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून भारतातल्या बँक खात्यातून दिलेले पैसे चालतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचा पैसा कायद्यानं विदेशी देणगी ठरतो, तो एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो. मामा असो की मावशी, इथे भिडेखातर चूक करू नका.

शाळेला रोख देऊ नका, आणि कोणा शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर तर मुळीच नको. त्यांनाच ते अडचणीचं होतं.

खरेदी आणि बांधणी

मेच्या पहिल्या पंधरवड्यात घाऊक बाजारात जा. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. जूनमध्ये गेलात तर गर्दीत दुरेघी वह्या आधी संपतात, राहतात त्या एकरेघी, आणि आमच्यासारखी चूक होते. वही हातात घेऊन पान उलटून बघा, पलीकडची शाई दिसते का. पानं मोजा, काही वह्यांत "१०० पानी"चा हिशोब कव्हर धरून केलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर यांवर जीएसटी शून्य आहे. बिलात यांच्यावर कर लावलेला दिसला तर विचारा.

एप्रिलमध्ये सोसायटीत एक खोकं ठेवा : संपलेल्या वर्षाच्या वह्यांतली कोरी पानं. प्रत्येक वहीत वीस-तीस निघतातच. ती फाडून, रेघांप्रमाणे वेगळी करून बाइंडरकडून शिवून घेतली की रफवहीचा प्रश्न मिटतो. हे काम सोसायटीतल्या मुलांना द्या, चार दिवस मोबाईल विसरतात. जुनी दप्तरं मात्र चेन चालते का, पट्टा शाबूत आहे का हे बघूनच घ्या. जे स्वतःच्या पोराला दिलं नसतं ते पाठवू नये.

बांधणी इयत्तावार करा, एका इयत्तेचा एक गठ्ठा, वर चिठ्ठी : दुसरी, मुलं ४, मुली ५. पहिलीचा खरा पट जूनमध्येच कळतो, दाखलपात्र मुलं शेवटपर्यंत वाढतात, म्हणून पहिलीचे गठ्ठे दहा टक्के जास्त. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग खोक्यात. टेम्पोच्या ताडपत्रीवर भरवसा ठेवू नका.

पोचवणं

शाळा उघडायच्या आधी दोन-तीन दिवस. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, पहिलीच्या मुलांचं फुलं देऊन स्वागत होतं, पुस्तकं वाटली जातात. त्याच वेळी बाईंनी वह्या दिल्या तर त्या शाळेनं दिल्या असं मुलांना वाटतं, आणि तसंच वाटावं. तुम्ही त्या दिवशी तिथे नसलात तरी चालतं.

शाळेकडून लेटरहेडवर शिक्का मारलेली पोच घ्या. टिकाऊ वस्तू दिली असेल, कपाट, प्रिंटर, तर तिची साठा नोंदवहीत नोंद झाली ना ते विचारा. नोंद नसलेली वस्तू पुढच्या तपासणीत मुख्याध्यापकांच्या गळ्यात येते.

वाटप वर्गातल्या सगळ्यांना सारखं करा. "गरीब मुलांना उभं करा" हे वाक्य मी एका कार्यक्रमात स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि उभी राहिलेली सहा मुलंही पाहिली आहेत. एखाद्यालाच काही द्यायचं असेल, चष्मा, सायकल, दहावीची फी, तर ते गुरुजींकडे द्या, ते घरी बोलावून देतील. फोटो हवाच असेल तर गठ्ठ्यांचा काढा. वहीच्या कव्हरवर गटाचं नाव, कोणा नेत्याचा चेहरा, काहीच नको. आणि पाहुण्यांच्या भाषणासाठी मुलांना पटांगणात बसवून ठेवणं तर बिलकूल नको.

दिवाळीनंतर

दुसरं सत्र सुरू झालं की फोन करा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या भागात, बीड, अहिल्यानगरकडे, हा फोन जूनच्या वाटपापेक्षा महत्त्वाचा. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याकडे निघतात, काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही बरोबर जातात. जाणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी पत्रक देते, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. त्या पत्रकाबरोबर दोन वह्या आणि चार पेन्सिली बांधून द्यायला बाईंच्या कपाटात असायला हव्यात.

फोनवर एवढंच विचारा की कपाटात काय उरलंय. आम्हाला गेल्या नोव्हेंबरमध्ये आलेलं उत्तर अजून व्हॉट्सॲपवर आहे : "चौकटी संपल्या. पेन्सिली दीड डझन आहेत. चित्रकला वह्या नकोत. आइस्क्रीमच्या काड्या आणखी २०० पाठवता येतील का? तिसरीचे सर पण मागतायत."